महाबली आणि सोंगाड्या

सुपरमॅन चड्डी विजारीवरून का घालतो? टीव्हीसमोर पोरे बसली की हा प्रश्न हमखास निघतो आणि घरातल्या आज्या पदरात तोंड लपवून हसतात. निवडणूक आली की मोठमोठे पुढारी प्रचाराचा नारळ फोडायला आमच्या कन्हेरीच्या मारुतीपुढे येतात. तेव्हा ताकदवानाचे कौतुक आम्हां गावकऱ्यांना नवे नाही. पण महाबलीच्या चड्डीचे उत्तर शोधू गेलो तर ते देवळात नव्हे, सर्कशीच्या तंबूत सापडते.

जुन्या सर्कशीतला ताकदीचे खेळ करणारा गडी अंगाला घट्ट बसणारी विजार घाली आणि वरून आखूड चड्डी चढवी. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या अमेरिकेतल्या दोन ज्यू तरुणांचा सुपरमॅन छापून आला, तो याच थाटात. म्हणजे जगातला हा पहिला नामांकित महाबली पोशाखापुरता तरी तंबूतला कलावंतच!

त्याच साली आलेल्या त्याच्या एका गोष्टीत खाणीचा मालक मजुरांच्या जिवाची पर्वा करीत नाही. सुपरमॅन मजुराचे सोंग घेतो, मालकाला त्याच्या पाहुण्यांसह खाणीत कोंडतो आणि त्यांच्याच हाती खोरी-कुदळी देतो. भरजरी कपड्यांतली मंडळी घामाघूम होतात, मालकाची अक्कल ठिकाणावर येते. वाचकहो, हा तर आपला वगच झाला!

आपल्या वगात ही कामगिरी सोंगाड्याची. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर यांनी ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार अजरामर केला. हा कुंभार गाढवासाठी थेट राजाच्या मुलीला मागणी घालतो. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात ते हवालदार होऊन आले की प्रेक्षक हसून लोळत. ज्या खाकी कपड्याला गोरगरीब दिवसा वचकून असत, त्यालाच रात्री पोट धरून हसत. सोंगाड्याला उडता येत नव्हते, डोंगर उचलता येत नव्हता. त्याच्यापाशी फक्त जीभ होती, आणि तेवढ्यावर तो राजाला खाली बसवीत असे.

म्हणूनच महाबलीच्या गोष्टीलाही सोंगाड्या लागतो. दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात ‘शक्तिमान’ लागत असे. मुकेश खन्ना त्यात शक्तिमानही होत आणि पुढे आलेल्या दातांचा, चष्मेवाला, वेंधळा गंगाधरही होत. पोरे गिरक्या घेत शक्तिमानच्या, पण हसत ती गंगाधरला. दुबळा दिसणारा माणूस आतून बलवान असू शकतो, ही गंमत पोरांना कोणी शिकवावी लागली नाही.

आता थोडे हसण्यापलीकडचे. तमाशाचे बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतले. रात्रभर गावाला हसवणाऱ्या माणसाला दिवस उजाडला की त्याच गावाने वेशीबाहेरची जागा दाखवली. टाळ्या फडात मिळाल्या, पाणवठा मिळाला नाही. ही विसंगती ओळखूनच भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गण-गौळणीचा जुना साचा त्यांनी बाजूला सारला, विनोद मात्र टाकला नाही. अंधश्रद्धेची आणि उच्चनीचतेची टर उडवायला तो कामी लावला. करमणूक तीच, पण हसणाऱ्याची मान ताठ झाली.

यातून एक साधी कसोटी हाती येते. विनोद वर पाहून केलेला आहे की खाली पाहून? मालक, राजा, हवालदार यांच्या तोऱ्याला टाचणी लावतो तो विनोद निर्मळ. कोणाच्या जातीला, रंगाला, व्यंगाला हसवतो तो विनोद नव्हे, जुनाच जाच आहे. मग तो पडद्यावर असो वा फडात.

तेव्हा पोरांना महाबली पाहू द्या, चड्डीवर मनसोक्त हसू द्या. फक्त सोबत बसा आणि काळू-बाळूंची, दादू इंदुरीकरांची, जलशाच्या शाहिरांची नावे त्यांच्या कानावर घाला. आकाशात उडणाऱ्याची नक्कल करताना गच्चीवरून पडण्याचे भय असते. सोंगाड्याची नक्कल करणारे पोर फार तर पाटलाला उलट प्रश्न विचारील. तेवढे होऊ द्यावे.