शब्दसूचीपासून संगणकापर्यंत

अलेक्झांडर क्रूडन यांनी १७३७ साली लंडनमध्ये इंग्रजी बायबलची शब्दसूची एकट्याच्या परिश्रमाने सिद्ध केली आणि पुढे १८९० साली जेम्स स्ट्राँग यांनी आपल्या सूचीत मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांना क्रमांक दिले. या व्रतस्थ परंपरेचा खरा वारस म्हणजे केंब्रिजच्या टिंडेल हाउसने विनामूल्य उपलब्ध केलेला ‘स्टेप बायबल’ हा संगणकीय अभ्याससंच होय, असे माझे ठाम मत आहे.

पडद्यावरील एखाद्या शब्दावर कळ दाबताच त्याचे मूळ रूप, व्याकरण आणि तो अन्यत्र जेथे जेथे आला असेल ते सर्व दाखले, जुन्या दप्तरातील नोंदी कारकुनाने क्षणात काढून द्याव्यात तसे, समोर हजर होतात; शिवाय अनेक भाषांतरे शेजारी शेजारी मांडून ताडून पाहण्याची तजवीजही आहेच. मात्र कोशातील अर्थ म्हणजे त्या वचनाचा अर्थ नव्हे; पूर्वापर मजकूर वाचलाच पाहिजे. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ भाषांचा व्यासंग करून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते अशा संगणकीय साधनांवाचून!

नवख्याने अशा अभ्यासाचा आरंभ बायबलमधील अवघ्या ४ अध्यायांच्या ‘रूथ’ या पुस्तकापासून करावा.