पदवी आणि सनद : अध्यापकाची पात्रता परदेशी कितपत चालते?

पुण्याच्या माध्यमिक शाळेत पंधरा वर्षे गणित शिकवलेली एखादी शिक्षिका पतीच्या नोकरीनिमित्त लंडनला जावयास निघते. बी. एस्सी. व बी. एड्. ही दोन्ही पदवीपत्रे तिने जपून बरोबर घेतलेली असतात. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज मुठेच्या काठी जितकी, तितकीच थेम्सच्या काठी. मग ती शिकविण्याचा अधिकार तेवढा वाटेत का गळून पडावा, असा प्रश्न तिच्या घरात उपस्थित होतो. त्याचे उत्तर पदवी आणि सनद यांतील भेदात आहे.

हा भेद वकिलीत सर्वांच्या परिचयाचा आहे. कायद्याची पदवी विद्यापीठ देते. न्यायालयात उभे राहण्याची सनद मात्र १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार राज्याची बार कौन्सिल देते. शिक्षकाच्या बाबतीत आपल्याकडे बी. एड्.ची पदवीच बहुधा सनदेचे काम करते. इंग्लंडात तसे नाही. तेथे ‘अर्हताप्राप्त अध्यापक’ हा स्वतंत्र दर्जा असून तो क्यू. टी. एस. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. परदेशी पदवी ब्रिटिश पदवीच्या तोडीची आहे, असा दाखला देणारी ‘एनिक’ नावाची संस्था तेथे आहे. परंतु तो दाखला म्हणजे सनद नव्हे. तो हाती पडताच काम झाले असे समजणाऱ्याची पुढे निराशा होते.

भारतीय शिक्षकांना हा दर्जा मिळविण्याचा एक सरळ मार्ग फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. पदवी, अध्यापनाचे पूर्ण प्रशिक्षण, त्यानंतरचा किमान एक शालेय वर्षाचा अनुभव, इंग्रजीचे पुरेसे ज्ञान, आणि स्वदेशी शिक्षक म्हणून काम करण्यास कोणतीही बंदी नसल्याचा पुरावा, एवढ्या गोष्टी त्यासाठी मागण्यात आल्या. मात्र मार्ग खुला झाला तेव्हा भारतीयांसाठी तो अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परभाषा शिकविणाऱ्यांपुरताच होता. तेथे याच विषयांच्या शिक्षकांची विशेष चणचण होती. म्हणजे आपल्या गणिताच्या शिक्षिकेला दार उघडले. शेजारच्या वर्गात इतिहास शिकविणारी तिची मैत्रीण, तितकीच अनुभवी असूनही, बाहेर राहिली.

तिलाही सर्वच वाटा बंद नाहीत. परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकास या दर्जावाचून सरकारी शाळेत चार वर्षांपर्यंत काम करता येते. अशा काळात त्याची गणना बहुधा ‘अनर्ह’ शिक्षकांत होते आणि वेतनही त्याच मानाने मिळते. वर्गातील प्रत्यक्ष अध्यापनाची परीक्षा देऊन दर्जा संपादन करण्याची सोयही आहे. खासगी शाळांवर तर या दर्जाचे कायदेशीर बंधनच नाही. उलटपक्षी, दर्जा मिळाला म्हणून नोकरी किंवा देशात राहण्याचा परवाना आपोआप मिळत नाही. त्या गोष्टी वेगळ्या.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंग्लंडची सनद स्कॉटलंडात आपोआप चालत नाही. तेथे १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेली अध्यापक परिषद स्वतंत्र नोंदणी करते. एकाच राजाच्या राज्यात ही स्थिती, मग निरनिराळ्या देशांची गोष्ट काय सांगावी!

यात परदेशी शिक्षकाचा केवळ अव्हेर पाहणे योग्य नव्हे. शिक्षकाच्या स्वाधीन मुले केली जातात. तेव्हा त्याच्या विद्येबरोबर त्याच्या वर्तनाचीही खात्री करून घेणे हे त्या समाजाचे कर्तव्यच होय. मात्र पंधरा वर्षांच्या सेवेचा पुरावा दूरदेशी बसून गोळा करणे कठीण पडते. यास्तव प्रशिक्षणाचा तपशील, गुणपत्रके आणि शाळेचा सेवादाखला ही कागदपत्रे निघण्यापूर्वीच मिळवावीत. आणि ज्या प्रांतात जावयाचे, तेथील सनद कोण देतो व सध्या कोणते विषय स्वीकारले जातात, याची चौकशी तिकीट काढण्याआधी करावी. विद्या बरोबर येतेच. अधिकार मात्र तेथे जाऊन नव्याने मिळवावा लागतो.