खिळा, टाका आणि सोल्यूशन: डोंगरी बुटाची शंभर वर्षं

सप्टेंबर २०२४मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेला, सेंट्रल रोंगबुक हिमनदीवर, नॅशनल जिऑग्राफिकच्या चमूला एक बूट सापडला. आतल्या मोज्याला नावाची पट्टी शिवलेली होती: ए. सी. आयर्विन. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरीबरोबर शिखराकडे निघालेला आणि कधीच न परतलेला बावीस वर्षांचा अँड्र्यू आयर्विन तो हाच. जगभर बातमी झाली ती या नावाची. बुटाचं चामडं तडकलं होतं, पण तळाला पोलादी खिळ्यांची चौकटीदार नक्षी अजून घट्ट धरून होती. बर्फाने त्याला जपलं हे खरं. तरीही आज दुकानातून आणलेला बूट चार-पाच पावसाळ्यांत ‘आ’ वासतो, तेव्हा मधल्या शंभर वर्षांत बुटाचं नेमकं काय झालं, हे पाहायला हवं.

त्या काळचा डोंगरी बूट म्हणजे जाड कमावलेलं चामडं, चामड्याचाच अनेक पदरी तळ आणि त्यात ठोकलेले खिळे. जिनिव्हाच्या फेलिक्स जनकॉंने पहिल्या महायुद्धाआधी कडक पोलादाचे दातेरी ‘ट्रिकुनी’ खिळे काढले आणि ते आल्प्सभर पसरले. एखादा खिळा झिजला की मोची तेवढाच उपटून नवा ठोकत असे, बाकी बूट तसाच चालायचा. दुखणी दोन होती. लोखंड थंडी थेट तळव्यापर्यंत पोहोचवायचं, आणि उघड्या कातळावर खिळे घसरायचे. म्हणून कातळ आला की लोक खिळ्यांचे बूट पायथ्याशी ठेवून हलक्या, मऊ तळाच्या जोड्यांत वर चढत.

ही सोय १९३५मध्ये जिवावर बेतली. इटलीतल्या पुंता राझिकावर मिलानचा एक गट असाच हलक्या जोड्यांनिशी चढला आणि वरच वादळात अडकला. सहा जण थंडीने गेले. त्या मोहिमेतून वाचलेल्या विताले ब्रामानीच्या मनात एकच प्रश्न घर करून राहिला: कातळ आणि बर्फ, दोन्हीवर चालेल असा एकच तळ का नसावा? टायर बनवणाऱ्या पिरेलींच्या पाठबळावर त्याने रबराचा खोल खाचांचा तळ तयार केला आणि १९३७मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नक्षी रणगाड्याच्या पट्ट्यासारखी होती म्हणून तिचं नाव ‘कारार्मातो’, आणि कंपनीला नाव मिळालं ते ब्रामानीच्याच नाव-आडनावातून: व्हिब्राम. १९५४मध्ये इटालियन गिर्यारोहक के-टूवर पहिल्यांदा पोहोचले, तेव्हा त्यांच्या पायात याच तळाचे बूट होते. खिळ्यांचं युग तिथे संपलं.

रबर आलं तरी बुटाची बांधणी जुनीच राहिली. जाड चामड्याच्या वरच्या भागाला कडेने चामड्याची पट्टी शिवायची, तिला वेल्ट म्हणतात, आणि तळ त्या पट्टीला शिवायचा. तळ झिजला की बाहेरचा टाका उसवायचा आणि नवा तळ शिवायचा, वरच्या चामड्याला हात लावावा लागत नाही. अशा बुटाचा तळ दोन-तीनदा सहज बदलता येतो. बव्हेरियातल्या हानवाग आणि लोवा, इटलीच्या डोलोमाइट भागातली ला स्पोर्तिवा, आसोलोची स्कार्पा ही १९२० आणि १९३०च्या दशकांत उभी राहिलेली घराणी याच कसबावर मोठी झाली.

अतिउंचावर मात्र टिकाऊपणापेक्षा ऊब महत्त्वाची ठरली. १९५३च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेसाठी केटरिंगच्या पादत्राण संशोधन संस्थेने खास बूट केले. करडाच्या पातळ कातड्याच्या आत त्यांनी कापोकचे तंतू भरले. बूट उबदार होते आणि वजनाला बेताचे होते, पण त्यांचं आयुष्य एका मोहिमेपुरतंच होतं. २८ मेच्या रात्री शेवटच्या छावणीत हिलरीने हे बूट काढून ठेवले. सकाळी ते दगडासारखे गोठलेले होते आणि स्टोव्हवर धरून मऊ करण्यात दोन तास गेले. तेनसिंगने आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतले रेनडिअरच्या कातड्याचे बूट रात्रभर पायातच ठेवले होते. पुढे अशा उंचीवरून चामडं हटलं ते कायमचंच. आधी प्लास्टिकच्या कवचाचे बूट आले, मग कृत्रिम कापडाचे.

खालच्या डोंगरांत, साध्या पायवाटांवर, चामड्याला हरवलं ते वजनाने. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतका जड, हा गिर्यारोहकांचा जुना हिशेब पुढे अमेरिकी लष्कराच्या चाचण्यांतही साधारण खरा ठरला. एमा गेटवुड या सदुसष्ट वर्षांच्या आजीबाईंनी तर १९५५मध्येच अमेरिकेतली सगळी अपालाचियन ट्रेल ही लांब पायवाट कॅनव्हासच्या बुटांत पार केली होती. १९७६मध्ये गोअर-टेक्स बाजारात आलं आणि पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारं अस्तर मिळालं. १९८०च्या दशकात धावण्याच्या बुटांचं तंत्र डोंगरात उतरलं: कापड आणि स्वेडचा वरचा भाग, फेसाळ पॉलियुरेथेन किंवा ईव्हीएचा मधला थर, आणि सगळं जोडणारं सोल्यूशन. पहिल्या दिवसापासून आरामदायी, हलका आणि स्वस्त असा हा बूट असल्याने लोकांनी तो उचलला यात नवल नव्हतं.

किंमत नंतर मोजावी लागते. पॉलियुरेथेन हवेतलं बाष्प शोषतं आणि त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटत जाते. बूट वापरा किंवा कपाटात ठेवा, पाच ते दहा वर्षांत मधला थर भुसभुशीत होतो. उलट पडून राहिलेला बूट अनेकदा आधी जातो, कारण चालताना दाबाने बाहेर निघणारा ओलावा त्यात साठून राहतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे आणखी लवकर घडतं. वर चामडं धडधाकट असतं, खाली नक्षी शाबूत असते, आणि भर ट्रेकमध्ये तळ जिभेसारखा लोंबायला लागतो. मग सुतळी, सेलोटेप, असेल ते गुंडाळून गाव गाठायचं.

सह्याद्रीने ही कहाणी आपल्या पद्धतीने अनुभवली. इथे चामड्याचा डोंगरी बूट फारसा रुजलाच नाही. पूर्वीच्या पिढ्या कॅनव्हासच्या हंटर शूजवर किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या लष्करी बुटांवर गड चढल्या. पुढे ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’ बुटांनी कातळावर पकड घेणाऱ्या रबरामुळे घरोघरी जागा मिळवली. खरा चामडी बूट अनेकांच्या पायात पहिल्यांदा पडला तो उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत अभ्यासक्रमाला गेल्यावर, तिथल्या स्टोअरमधून मिळालेला आणि पहिल्या दिवशी हमखास चावणारा. गंमत म्हणजे चामडं कमावण्याचं एक मुख्य द्रव्य आपल्याच डोंगरातलं. हिरडा आणि बाभळीची साल घालून कमावलेल्या कातड्यावर कोल्हापुरी चप्पल उभी आहे. भीमाशंकर-जुन्नरच्या वाटांवर आपण त्याच हिरड्याच्या सावलीत बसतो.

या सगळ्यातून घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: बुटाचं आयुष्य चामड्याइतकंच सांध्यावर ठरतं. दुकानात बूट हातात घेतला की आधी कडेची रेघ पाहा. टाका दिसतो तो खरा, की रबरावर नुसती नक्षी उठवली आहे? तळ बदलून मिळतो का, हे स्पष्ट विचारा. चामडं ‘फुल-ग्रेन’ असावं, म्हणजे कातड्याचा वरचा घट्ट पदर न खरवडलेलं. चवड्यापाशी वाकवल्यावर त्यावर बारीक सुरकुत्या पडतात, रंगाचा पापुद्रा सुटत नाही. वरचा भाग एकाच तुकड्याचा असेल तर उत्तम, कारण जितके सांधे कमी तितकी पाणी शिरायला जागा कमी. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घाला. नाड्या सैल सोडून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे, आणि नाड्या आवळून उतारावर उभं राहिलं की अंगठा पुढे टेकता कामा नये. मग महिनाभर तो घराजवळ, बाजारहाटाला, पर्वतीच्या पायऱ्यांवर घाला. चामडं पायाचा आकार घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

निगा तशी सोपी, फक्त नेमाने हवी. ट्रेकहून आलं की चिखल ओल्या ब्रशने काढा, कारण वाळलेला चिखल चामड्यातलं तेल ओढून घेतो. आतला सोल काढा, जीभ पुढे ओढून बूट पूर्ण उघडा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते ओलावले की बदला. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. चूल, हीटर, कडक ऊन यांच्याजवळ नको, ओलं चामडं तापलं की आकसतं आणि मग तडकतं. किंचित दमट असतानाच मेणाचा पातळ हात द्या, टाक्यांवर आणि जिभेच्या घड्यांत जरा जास्त. तेल मात्र जपून लावा. फार तेल प्यायलेलं चामडं लुळं पडतं आणि घोट्याला आधार देत नाही. पावसाळ्यात बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. नक्षी पूर्ण जाण्याआधीच तळ बदलून घ्या, झीज वेल्टपर्यंत पोहोचली की दुरुस्ती अवघड होते.

आता निवाडा. भर पावसात सह्याद्रीत, जिथे दिवसातून दहा वेळा ओढ्यात पाय बुडतो, तिथे चामडी बूट घालू नये. तो भिजला की दोन-तीन दिवस वाळत नाही. तिथे पकड असलेला, पाणी लगेच सोडणारा हलका बूटच बरा. पण हिवाळ्यातले लांब ट्रेक, पाठीवर जड ओझं, हिमालयातल्या मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या, वाटा यासाठी टाक्याने शिवलेला चामडी बूट आजही पैसे वसूल करून देतो. तसा जोड महाग असतो, म्हणून तो घ्यायचा तर तळ बदलून देणारा शोधूनच घ्या. तेवढी तयारी नसेल, तर साधा हलका जोड घ्या आणि प्रत्येक मोठ्या ट्रेकआधी दोन्ही हातांनी तळ ओढून पाहा.