मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास कसा वाचावा : नांदेड लोकसभा मतदारसंघ

एखाद्या मतदारसंघाचा इतिहास म्हणजे तेथील विजयी उमेदवारांची यादी, असा समज सर्वत्र आढळतो. उत्तरपत्रिकांतूनही बहुधा तीच वाचावयास मिळते. यादी आवश्यक आहेच. परंतु मतदारसंघाची सीमा त्या वेळी कोणती होती आणि पराभूत उमेदवारांच्या पाठीशी किती मतदार उभे होते, या दोन गोष्टी तीत येत नाहीत. नांदेड लोकसभा मतदारसंघाच्या उदाहरणाने हा मुद्दा समजावून घेऊ.

बदलत्या सीमा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यामुळे १९५७ ची निवडणूक त्या राज्याचा भाग म्हणून झाली. त्या वेळी नांदेड हा द्विसदस्य मतदारसंघ होता, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडले जात आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. काँग्रेसचे देवराव कांबळे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले हे दोघे त्या वर्षी निवडून आले. फेडरेशन हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेला पक्ष. त्याच वर्षी त्याचे रूपांतर रिपब्लिकन पक्षात झाले. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. ही नोंद लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे २००९ च्या निवडणुकीपासून, नांदेड जिल्ह्यातील नऊ विधानसभा मतदारसंघ तीन लोकसभा मतदारसंघांत विभागले गेले आहेत. नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, भोकर, नायगाव, देगलूर आणि मुखेड हे सहा नांदेडमध्ये. किनवट आणि हदगाव हिंगोलीत. तर लोहा लातूरमध्ये. म्हणजे लोह्याच्या मतदाराचा जिल्हाधिकारी नांदेडचा आणि खासदार मात्र लातूरचा. शिवाय लातूर हा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, नांदेड खुला आहे. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील शेजारच्या दोन गावांत उमेदवारीचे नियमही निराळे असू शकतात. याची एक गमतीची परिणती पाहा. प्रतापराव पाटील चिखलीकर २०१४ मध्ये लोह्यातून आमदार झाले आणि २०१९ मध्ये नांदेडचे खासदार झाले. परंतु त्यांच्या विधानसभा मतदारसंघातील मतदारांना त्यांना खासदारकीसाठी मत देण्याची सोय नव्हती!

यादीत दिसणारे आणि न दिसणारे

नांदेड हा काँग्रेसचा बालेकिल्ला, असे वृत्तपत्रे नेहमी लिहितात. हे विधान अर्धेच खरे आहे. १९७७ मध्ये आणीबाणीनंतरच्या लाटेत येथून शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे विजयी झाले. शेजारच्या लातूरमध्येही त्या वर्षी त्याच पक्षाचे उद्धवराव पाटील निवडून आले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९८० आणि १९८४ मध्ये शंकरराव चव्हाण जिंकले. १९८९ मध्ये जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काबदे, २००४ मध्ये भाजपचे दिगंबर बापूजी पाटील आणि २०१९ मध्ये भाजपचेच चिखलीकर विजयी झाले. याउलट २०१४ मध्ये देशभर काँग्रेसची पडझड झाली असता महाराष्ट्रात तिला मिळालेल्या दोनच जागांपैकी एक नांदेडची होती, दुसरी हिंगोलीची.

आता १९५७ च्या नोंदीकडे वळू. फेडरेशनच्या त्या विजयानंतर आंबेडकरी राजकारणाचे नाव नांदेडच्या विजयी यादीत पुन्हा दिसत नाही. यादीवरूनच निष्कर्ष काढणारा म्हणेल, हा प्रवाह आटला. वस्तुस्थिती तशी नाही. शंकरराव चव्हाण १९८६ मध्ये मुख्यमंत्री म्हणून राज्यात परतल्यामुळे ही जागा रिकामी झाली. १९८७ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र अशोक चव्हाण यांच्याविरुद्ध प्रकाश आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले. बत्तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, अशोक चव्हाण स्वतः ४०,१४८ मतांनी पराभूत झाले. त्या निवडणुकीत प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मते होती. ही सारी मते एरवी काँग्रेसलाच पडली असती, असे गृहीत धरणे अभ्यासकाला शोभणारे नाही. मतदार कोणाच्या खात्यावर जमा असलेली रक्कम नव्हे. तथापि जेथे सर्वाधिक मते मिळविणारा एकच उमेदवार जिंकतो, तेथे लाख-दीड लाख मतदारांचा प्रवाह यादीत शून्य म्हणून नोंदला जातो, एवढे निश्चित. दोन मतांच्या जुन्या पद्धतीत अशा पक्षाला अधिक वाव होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकच दिवस, दोन कौल

फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले. नेता गेला म्हणजे मतदारही गेले, असा अनेकांचा अंदाज होता. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे वसंतराव चव्हाण यांनी चिखलीकरांचा ५९,४४२ मतांनी पराभव केला. ऑगस्टमध्ये वसंतरावांचे निधन झाले आणि पोटनिवडणूक विधानसभेसोबतच २० नोव्हेंबर रोजी झाली. एकाच केंद्रावर, एकाच रांगेत उभे राहून मतदारांनी दोन यंत्रांवर मत नोंदविले. लोकसभेसाठी वसंतरावांचे पुत्र रवींद्र चव्हाण काँग्रेसतर्फे १,४५७ मतांनी निवडून आले. मात्र त्याच मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. त्यांत भोकरची, अशोक चव्हाणांच्या कन्येची जागाही होती.

याचा अर्थ काही हजार मतदारांनी तरी दोन यंत्रांवर दोन निरनिराळ्या बाजूंना मत दिले. सहानुभूती, उमेदवाराची ओळख, विधानसभेच्या स्थानिक लढती अशी अनेक कारणे सांगता येतील. नुसत्या निकालावरून त्यांपैकी एकाची निवड करता येणार नाही.

स्वाध्याय

निवडणूक आयोगाच्या ‘नमुना २०’ या पत्रकात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मते नोंदविलेली असतात. आपल्या केंद्राची मागील लोकसभा व विधानसभा निवडणुकांची पत्रके मिळवा. दोहोंतील पक्षनिहाय मते शेजारीशेजारी मांडा आणि फरक कोठे पडला, त्याविषयी दीडशे शब्दांत टिपण लिहा. आपले गाव लोहा, किनवट वा हदगाव मतदारसंघात येत असल्यास आपला लोकसभा मतदारसंघ कोणता, हे आधी तपासावे.