इंग्रजीच्या अध्ययनात मूल्यमापन आणि प्रत्याभरणाचे स्थान

प्रस्तावना

महाराष्ट्रात सन २००० पासून सर्व माध्यमांच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जातो. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची इंग्रजीशी ओळख सामान्यतः पाचवीत होत असे. आज महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने किमान बारा वर्षे इंग्रजीचा अभ्यास केलेला असतो. तरीही स्वतःविषयी दहा वाक्ये लिहिताना त्याचा हात अडखळतो. याची कारणे अनेक आहेत. परंतु तपासलेल्या वहीतून आणि उत्तरपत्रिकेतून या विद्यार्थ्याला बारा वर्षांत नेमके काय कळले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात इंग्रजीच्या मूल्यमापनातील प्रत्याभरणाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मूल्यमापनाचे दोन हेतू

मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाचे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. मराठीत त्यांना आकारिक आणि संकलित मूल्यमापन असे म्हणतात. संकलित मूल्यमापन अध्ययनाच्या शेवटी होते व विद्यार्थी कोठे पोहोचला हे सांगते. आकारिक मूल्यमापन अध्ययन चालू असतानाच होते आणि पुढचे पाऊल कसे टाकावे हे सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ मधील सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या तरतुदीमुळे या संज्ञा शाळाशाळांत पोहोचल्या. प्रत्यक्षात मात्र आकारिक मूल्यमापन म्हणजे नोंदवहीतील आणखी काही रकाने, असा समज अनेक ठिकाणी दृढ झाला. चाचणी वारंवार घेतल्याने ती आकारिक ठरत नाही. तिच्या निष्कर्षाचा उपयोग करून शिक्षक आपले अध्यापन आणि विद्यार्थी आपले अध्ययन बदलतो, तेव्हाच ती आकारिक ठरते.

चुकीचा अर्थ

एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडले की विद्यार्थ्याची चूक हा त्याच्या अध्ययनाचा पुरावा असतो. अनवधानाने झालेली चूक विद्यार्थी स्वतः सुधारू शकतो. अज्ञानातून झालेली चूक त्याला दिसतच नाही. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या अवस्थेतील भाषेला ‘अंतरभाषा’ ही संकल्पना दिली.

मराठी भाषक विद्यार्थ्याच्या चुका या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. ‘तिने डॉक्टरशी लग्न केले’ या वाक्यातील ‘शी’ प्रत्यय मनात ठेवून तो ‘शी मॅरिड विथ अ डॉक्टर’ असे लिहितो. ‘विषयाबद्दल चर्चा केली’ यावरून ‘डिस्कस्ड अबाउट द टॉपिक’ येते. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांसारखी उपपदे नसल्याने ‘आय बॉट बुक’ त्याला पूर्ण वाक्य वाटते. ‘टॉट’ऐवजी ‘टीच्ड’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र मातृभाषा अडवत नाही. भूतकाळाचा नियम त्याला समजला आहे; फक्त अपवाद ठाऊक नाही. या सर्व चुकांखाली सारखीच लाल रेघ ओढली तर त्यांतील फरक शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्याही नजरेतून सुटतो.

गुण आणि अभिप्राय

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. एका गटाला केवळ गुण, दुसऱ्याला केवळ लेखी अभिप्राय आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. केवळ अभिप्राय मिळालेल्या गटाची कामगिरी आणि रुची अधिक चांगली राहिली. दोन्ही मिळालेल्या गटाला अभिप्रायाचा अपेक्षित लाभ झाला नाही. गुण दिसताच लक्ष कामावरून स्वतःच्या क्रमांकाकडे वळते, असा याचा अर्थ लावला जातो. वीसपैकी सात गुण पाहिलेला विद्यार्थी वही मिटतो. खाली काय लिहिले आहे ते वाचत नाही, हा अध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे.

जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये उत्तम प्रत्याभरणाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत असे प्रतिपादन केले: कोठे जायचे आहे, सध्या कोठे आहे आणि पुढे काय करायचे. ‘लेखन सुधारा’ किंवा ‘व्याकरणाकडे लक्ष द्या’ हे शेरे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. याउलट, ‘प्रसंगाचा क्रम चांगला जुळला आहे. घटना कालची आहे, म्हणून दुसऱ्या परिच्छेदातील क्रियापदे पुन्हा तपासा आणि तो परिच्छेद उद्या लिहून आणा’ हा शेरा तिन्ही प्रश्नांना स्पर्श करतो. प्रारंभिक पातळीवरील विद्यार्थ्याला असा शेरा मराठीतून देण्यात कमीपणा मानू नये. न समजलेला इंग्रजी शेरा हे प्रत्याभरण नव्हे.

तोंडी प्रत्याभरण

रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच निमज्जन वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या प्रत्याभरणापैकी ५५ टक्के वेळा त्यांनी विद्यार्थ्याचे चुकीचे वाक्य स्वतःच दुरुस्त करून उच्चारले होते. परंतु त्यांपैकी केवळ ३१ टक्के वेळा विद्यार्थ्याने त्या दुरुस्तीची काही दखल घेतली. ‘पुन्हा सांगून पाहा’, ‘काल म्हटल्यावर क्रियापद कसे येईल?’ अशा प्रकारे उत्तर विद्यार्थ्याकडून काढून घेतल्यास प्रतिसाद कितीतरी अधिक मिळतो. अर्थात, बोलण्याचे धैर्य नुकतेच एकवटणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक शब्दावर थांबविणे घातक ठरते. त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि नंतर एकाच बाबीकडे लक्ष वेधावे.

मोठ्या वर्गाचा प्रश्न

एका तुकडीत शंभर विद्यार्थी असतील आणि प्रत्येक वहीस दहा मिनिटे दिली, तर एका निबंधासाठी साडेसोळा तासांहून अधिक वेळ लागतो. ही अडचण खरी आहे. तथापि, प्रत्येक चूक दुरुस्त करणे आवश्यकच आहे असे नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये व्याकरणदुरुस्तीच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह उभे केले. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यास उत्तर देताना निवडक आणि स्पष्ट दुरुस्तीचा पक्ष मांडला. या वादातून व्यवहार्य मार्ग निघतो तो असा:

१. एका लेखनात एक किंवा दोनच भाषिक बाबी तपासाव्यात आणि त्या आधी सांगाव्यात.
२. उत्तर लिहून देण्याऐवजी चुकीच्या जागी काळ, उपपद, शब्दक्रम यांसाठी ठरावीक खुणा कराव्यात.
३. वारंवार आढळणाऱ्या चुका नाव न घेता फळ्यावर मांडून संपूर्ण वर्गाने त्या दुरुस्त कराव्यात.
४. निश्चित निकष देऊन विद्यार्थ्यांना परस्परांचे लेखन वाचू द्यावे.
५. दुसरा खर्डा लिहिल्यानंतरच गुण द्यावेत.

यांतील पाचवी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. पुनर्लेखनाची संधी नसेल तर प्रत्याभरणाचा उपयोग करण्यास विद्यार्थ्याला जागाच उरत नाही.

निष्कर्ष

आवश्यक इंग्रजीत पुन्हा पुन्हा अनुत्तीर्ण होणारा विद्यार्थी हळूहळू ‘ही भाषा आपली नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि तो निष्कर्ष त्याच्या पदवीवर, नोकरीवर व आत्मविश्वासावर परिणाम करतो. गुणपत्रिका त्याला उणीव दाखविते, परंतु ती भरून काढण्याचा मार्ग दाखवीत नाही. तो मार्ग दाखविण्याचे काम वर्गातील प्रत्याभरणाचे आहे. त्यासाठी नवी साधने किंवा स्वतंत्र निधी लागत नाही. तपासलेली वही परत देताना ‘आता हे पुन्हा लिहा’ असे सांगण्याची आणि ते पुन्हा वाचण्याची तयारी लागते.