भूमितीय आकृतीतील मध्यबिंदू व दुभाजक : भास आणि आधार

प्रस्तावना :
भूमितीच्या अध्यापनात आकृतीचे स्थान महत्त्वाचे आहे. आकृती युक्तिवादाला दिशा देते. ती स्वतः मात्र सिद्धता ठरत नाही. मध्यबिंदू व दुभाजक यांच्या बाबतीत या भेदाचा विसर सहज पडतो. एखादी रेषा बाजूच्या साधारण मध्यातून जाताना दिसली की विद्यार्थी ती बाजू दुभागली गेली असे गृहीत धरतो आणि पुढील सर्व पायऱ्या त्या गृहीतकावर उभ्या राहतात. म्हणून मध्यबिंदू व दुभाजक कोणत्या आधारावर ओळखावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पनांतील भेद :
मध्यगा समोरील बाजू दुभागते, कोनदुभाजक कोन दुभागतो, तर शिरोलंब समोरील बाजूशी काटकोन करतो. लंबदुभाजक बाजूच्या मध्यबिंदूतून काटकोनात जातो. तो शिरोबिंदूतून जाईलच असे नाही. समद्विभुज त्रिकोणाच्या पायासंदर्भात या चारही गोष्टी एकाच रेषेवर येतात. फळ्यावर नेहमी तशीच आकृती काढली गेल्यास हा अपवादच नियम वाटू लागतो.

समजा, त्रिकोण अबक मध्ये अब = ६ सेमी, अक = ४ सेमी व बक = ५ सेमी आहे. बक चा मध्यबिंदू ब पासून २.५ सेमी अंतरावर असेल. कोनदुभाजकाच्या प्रमेयानुसार अ मधून जाणारा कोनदुभाजक बक ला ६ : ४ या प्रमाणात, म्हणजे ब पासून ३ सेमीवर छेदेल. शिरोलंबाचा पाद ४.५ सेमीवर येईल. हे तिन्ही बिंदू भिन्न आहेत. परंतु बक तीच ठेवून अब = ५.२ व अक = ४.८ सेमी घेतल्यास मध्यबिंदू व कोनदुभाजकाचा छेदनबिंदू यांत केवळ १ मिलिमीटर अंतर उरते. हा फरक नजरेला जाणवणे कठीण आहे.

ओळखीचे आधार :
दुभाजन मान्य करण्यास पुढीलपैकी एक आधार आवश्यक आहे : (१) पक्षातील स्पष्ट विधान, (२) आकृतीतील समान खुणा, (३) त्रिकोणांच्या एकरूपतेवरून मिळणारा निष्कर्ष, (४) एखादे सिद्ध प्रमेय, उदा. रेषाखंडाच्या अंत्यबिंदूंपासून समदूर असलेला त्या प्रतलातील बिंदू लंबदुभाजकावर असतो. युक्लिडनेही कोन व रेषाखंड दुभागण्याच्या रचना (पहिला ग्रंथ, विधाने ९ व १०) केवळ सांगितल्या नाहीत, तर सिद्ध केल्या.

एक उद्बोधक हेत्वाभास :
'प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो' ही फसवी सिद्धता डब्ल्यू. डब्ल्यू. राउस बॉल यांच्या १८९२ च्या गणितरंजनविषयक ग्रंथात आढळते. कोन अ चा दुभाजक व बक चा लंबदुभाजक प मध्ये छेदतात. प मधून अब व अक या रेषांवर अनुक्रमे पय व पर हे लंब टाकले असता एकरूपतेने अय = अर व यब = रक मिळते. या दोहोंची बेरीज करून अब = अक असा निष्कर्ष काढला जातो. येथे दोन्ही दुभाजक खरे आहेत आणि एकरूपताही खरी आहे. चूक आहे ती केवळ प त्रिकोणाच्या आत दाखविण्यात. अब व अक असमान असताना प परिवर्तुळावर, त्रिकोणाबाहेर असतो; एका लंबाचा पाद बाजूवर, तर दुसऱ्याचा वाढविलेल्या बाजूवर पडतो. वरील पहिल्या त्रिकोणात अय = अर = ५ व यब = रक = १ येते. म्हणून अब = ५ + १ = ६, परंतु अक = ५ – १ = ४.

निष्कर्ष :
आकृतीवरून अनुमान सुचावे, परंतु दुभाजनाच्या प्रत्येक विधानापुढे त्याचे कारण लिहिले जावे. तसेच बिंदूचे स्थान आत की बाहेर, हेही तपासले जावे. अध्यापकांनी फळ्यावर जाणीवपूर्वक विषमभुज त्रिकोण काढल्यास आणि 'हा मध्यबिंदू कशावरून ?' हा प्रश्न नित्य विचारल्यास विद्यार्थ्यांना दिसणे व सिद्ध होणे यांतील अंतर उमगेल.