फिरती पतनसंरक्षण साधने

फिरती पतनसंरक्षण साधने ही छतावर काम करणाऱ्या कामगाराचे उंचीवरून पडण्यापासून रक्षण करणारी आणि कामाच्या गरजेप्रमाणे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येणारी साधने होत. छताला कायमचे जोडलेले आधारबिंदू (अँकर) किंवा पक्का कठडा जेथे नसतो, तेथे ही साधने वापरली जातात. चाकांवरचा वजनी गाडा, सुटे वजन ठेवून केलेला आधार, वजनाने उभा राहणारा सुटा कठडा आणि इशारादोरीचे खांब हे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. गाडा किंवा वजनी आधार एकटा कामगाराला वाचवू शकत नाही. आधार, कामगाराच्या अंगावरील हार्नेस आणि या दोहोंना जोडणारा दोर हे तिन्ही भाग निर्दोष असतील, तरच ही व्यवस्था काम करते.

पार्श्वभूमी

छतावरील काम बांधकामापुरते मर्यादित नाही. वातानुकूलन यंत्रांची देखभाल, जलरोधक थर बसवणे, पन्हळी साफ करणे, पत्रे बदलणे आणि सौर पॅनेल बसवणे यांसाठीही कामगार छतावर चढतात. यांपैकी बरीच कामे तास-दोन तासांची असतात. त्यामुळे संरक्षणाची व्यवस्था करण्यात कामापेक्षा अधिक वेळ जाईल, या समजुतीने ती टाळली जाते. फिरत्या साधनांची गरज प्रामुख्याने अशा अल्पकालीन कामांतून निर्माण झाली.

अमेरिकेत बांधकाम क्षेत्रातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण उंचीवरून पडणे हे आहे. तेथील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने (ओशा) बांधकामासाठीचे पतनसंरक्षणाचे सविस्तर नियम १९९४ मध्ये प्रसिद्ध केले व ते १९९५ मध्ये लागू झाले. पूर्वी कमरेचा पट्टा सर्रास वापरला जाई. मात्र पडताना बसणारा सर्व धक्का पोट व कण्यावर येऊन गंभीर इजा होत असल्याने, पतन थांबवण्यासाठी कमरपट्टा वापरण्यास १ जानेवारी १९९८ पासून तेथे मनाई करण्यात आली. त्याची जागा पूर्ण शरीराच्या हार्नेसने घेतली. हार्नेस हा धक्का मांड्या, नितंब, छाती व खांद्यांवर विभागतो.

पतन रोखणे आणि पतन थांबवणे

वैयक्तिक पतनसंरक्षणाच्या दोन पद्धती आहेत. त्यांच्यातील फरक न समजल्यास चुकीचे साधन निवडले जाते.

पतन रोखण्याच्या पद्धतीत दोराची लांबी अशी ठेवतात की कामगार छताच्या कडेपर्यंत पोहोचूच शकत नाही. पडण्याची शक्यताच राहत नसल्याने आधारावर येणारा भार कमी असतो आणि सुटकेचा प्रश्नही सहसा उद्भवत नाही.

पतन थांबवण्याच्या पद्धतीत कामगार कडेवरून पडू शकतो, पण खालच्या पृष्ठभागावर आपटण्यापूर्वी त्याला अडवले जाते. येथे आधारावर मोठा भार येतो, खाली पुरेशी मोकळी उंची असावी लागते आणि लटकलेल्या माणसाला त्वरित सोडवण्याची तयारी ठेवावी लागते. त्यामुळे शक्य असेल तेथे पहिल्या पद्धतीला प्राधान्य दिले जाते. त्याही आधी काम जमिनीवरूनच करता येईल का आणि कठडा उभारता येईल का, याचा विचार अपेक्षित असतो. ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरील काम नियमांत हाच क्रम दिलेला आहे: उंचीवरचे काम टाळणे, ते टाळता येत नसेल तर पतन रोखणे, आणि तेही शक्य नसेल तर पतनाचे अंतर व परिणाम कमी करणे.

प्रमुख प्रकार

चाकांवरचा गाडा: हा काही शे किलोग्रॅम वजनाचा पोलादी गाडा असतो. कामगार त्याच्या कडीला दोर अडकवतो. काही गाड्यांना खाली अणकुचीदार पंजे असतात. कोणी पडल्यास दोराच्या ओढीने पंजा सुटतो, छताच्या थरात रुततो आणि गाड्याला अडवतो. पतन थांबवण्यासाठी किती आणि केवळ पतन रोखण्यासाठी किती कामगार गाड्याला जोडता येतील, हे उत्पादक ठरवून देतो. तो आकडा ओलांडता येत नाही.

सुट्या वजनांचा आधार: चौकटीवर एकेक वजन रचून हा आधार जागेवरच तयार करतात. छताला छिद्र पाडावे लागत नाही, हा त्याचा मुख्य लाभ आहे. युरोपीय मानक ईएन ७९५ मध्ये अशा आधारांचा समावेश ‘ई’ प्रकारात होतो. तो क्षितिजसमांतर पातळीपासून ५ अंशांपेक्षा अधिक उतार नसलेल्या पृष्ठभागासाठीच आहे.

सुटा कठडा: पायथ्यावरील वजनाने किंवा मागे टेकलेल्या आधाराने हा कठडा उभा राहतो. ओशाच्या नियमांनुसार कठड्याच्या वरच्या दांड्याची उंची ४२ इंच (सुमारे १.१ मीटर) असावी लागते. त्यात ३ इंचांपर्यंत कमीअधिक फरक चालतो. या दांड्याने २०० पौंड (सुमारे ८९० न्यूटन) बल सहन केले पाहिजे. कठड्याच्या आत काम करणाऱ्या प्रत्येकाचे रक्षण होते आणि त्यासाठी कोणालाही हार्नेस घालावा लागत नाही.

इशारादोरी: कडेपासून ठरावीक अंतरावर खांब उभे करून त्यांना झेंडे लावलेली दोरी बांधतात. अमेरिकेतील बांधकाम नियमांत हे अंतर किमान ६ फूट (१.८ मीटर) आहे. ही दोरी कोणालाही अडवत नाही, ती कड जवळ आल्याची केवळ जाणीव करून देते. म्हणून तिच्या पलीकडे जाणाऱ्याला दुसरे संरक्षण असणे आवश्यक ठरते.

बलांचे गणित

१.८ मीटर मुक्तपणे पडण्यास सुमारे ०.६ सेकंद लागतो. तेवढ्यात वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर होतो. एवढ्या वेळात हाताने काही पकडणे माणसाला बहुधा शक्य नसते.

१०० किलोग्रॅम वस्तुमानाचा कामगार १.८ मीटर पडला आणि ताठ दोराने त्याला केवळ १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर सरासरी बल १८ किलोन्यूटनहून अधिक होते. शरीराला ते असह्य आहे. तोच कामगार ऊर्जाशोषकाच्या साहाय्याने सुमारे १ मीटर अंतरात थांबला, तर सरासरी बल ३ किलोन्यूटनच्या आत राहते. शोषकाची शिवण उसवत जाते आणि पतनाची ऊर्जा त्यात खर्च होते. ओशाच्या नियमांत हार्नेसद्वारे शरीरावर येणाऱ्या कमाल बलाची मर्यादा १,८०० पौंड (८ किलोन्यूटन) आहे. आधारबिंदूने प्रत्येक कामगारामागे ५,००० पौंड (२२.२ किलोन्यूटन) भार सहन करावा, किंवा तो पात्र व्यक्तीने किमान दुप्पट सुरक्षागुणांकासह आखलेला असावा, अशी अट आहे.

केवळ वजनावर विसंबणारा आधार घर्षणाने जागेवर राहतो. समजा, १,००० किलोग्रॅमच्या आधाराचा छताशी घर्षणांक ०.४ आहे. असा आधार सुमारे ३.९ किलोन्यूटन बलालाच सरकू लागेल. छत ओले, शेवाळलेले किंवा धुळीने भरलेले असेल तर हा आकडा आणखी घटतो. त्यामुळे ‘गाडा जड आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज चुकीचा ठरतो. गाडा कोणत्या पृष्ठभागावर चाचणी करून प्रमाणित झाला आहे, हे पाहणे वजनाइतकेच महत्त्वाचे असते.

मोकळी उंची

पतन थांबेपर्यंत कामगार खाली किती जाईल, याचा हिशेब आधीच करावा लागतो. आधारबिंदूपासून खाली मोजल्यास १.८ मीटरचा दोर, शोषकाची सुमारे १.१ मीटर लांबणारी पट्टी, पाठीवरील कडीपासून पावलांपर्यंतचे १.५ मीटर आणि १ मीटर राखीव अंतर मिळून सुमारे ५.४ मीटर होतात. सामान्य एकमजली शेडची कड याहून खाली असू शकते. अशा ठिकाणी पतन पूर्णपणे थांबण्यापूर्वीच कामगार जमिनीवर आपटू शकतो. म्हणजेच कमी उंचीच्या इमारतीवर पतन थांबवण्याची पद्धत निरुपयोगी ठरू शकते व तेथे पतन रोखणेच योग्य असते.

छतावरील गाड्यांचा आधारबिंदू कामगाराच्या पायांच्या पातळीजवळ असतो, ही दुसरी अडचण आहे. आधार कडेलगत असेल, तर १.८ मीटरच्या दोराने बांधलेला कामगार दोर ताणला जाईपर्यंत सुमारे ३.३ मीटर पडतो. साधा शोषक एवढ्या पतनासाठी बनवलेला नसतो. त्यामुळे गाडा कडेपासून आत ठेवणे आणि कडेवरून घासला जाणारा भार सहन करण्यासाठी प्रमाणित केलेले स्वयंआखूड होणारे दोरयंत्र वापरणे आवश्यक असते. अमेरिकी मानक एएनएसआय झेड ३५९.१४ च्या २०२१ च्या आवृत्तीत अशा यंत्रांना ‘वर्ग २’ म्हटले आहे. ‘वर्ग १’ची यंत्रे पाठीवरील कडीच्या पातळीला किंवा तिच्या वरच अडकवायची असतात.

झोका पतन

कामगार आधाराच्या सरळ समोरून बाजूला गेला, तर पडल्यावर तो लंबकासारखा झुलत मध्याकडे येतो. गाडा कडेपासून ३ मीटर आत आहे आणि कामगार कडेने ४ मीटर बाजूला गेला आहे, असे मानल्यास दोर ५ मीटर बाहेर आलेला असतो. पतनानंतर दोर कडेवरून सरकत गाड्यासमोर येतो. तेथे कडेपर्यंत ३ मीटरच लागत असल्याने उरलेले २ मीटर खाली उतरतात. कामगार त्या प्रमाणात अधिक खाली जातो, भिंतीवर किंवा खांबावर आदळू शकतो आणि धारदार पत्र्यावर घासून दोर तुटण्याचा धोका निर्माण होतो. यावरचा उपाय म्हणजे काम पुढे सरकेल तसा गाडाही सरकवणे. गाडा फिरता असण्याचा मुख्य उपयोग हाच आहे. प्रत्यक्षात मात्र गाडा एका जागी ठेवून दोर वाढवत नेण्याची चूक वारंवार होते.

वापरापूर्वीची तपासणी

छताची भारक्षमता हा तपासणीचा पहिला मुद्दा असतो. काँक्रीटच्या गच्चीवर चालणारा गाडा पत्र्याच्या छतावर चालेलच असे नाही. सिमेंटचे पत्रे व प्लॅस्टिकचे प्रकाशपत्रे माणसाचेही वजन पेलत नाहीत. त्यांवर गाडा नेणे म्हणजे संरक्षणाच्या साधनानेच अपघात ओढवून घेणे होय. अशा छतावर कैचीच्या आधाराने टाकलेल्या फळ्या, खाली बांधलेली जाळी किंवा उचलयंत्रावरील पाळणा हे पर्याय योग्य ठरतात. प्रकाशपत्रे व झरोके धुळीने माखल्यावर शेजारच्या पत्र्यांसारखेच दिसतात. म्हणून त्यांवर मजबूत झाकण किंवा भोवती कठडा असणे आवश्यक असते.

हार्नेसच्या पट्ट्यांवरील चिरा, करपलेले किंवा रंग उडालेले भाग, सुटलेली शिवण, गंजलेल्या कड्या आणि नीट न मिटणारे हुक यांची पाहणी प्रत्येक पाळीपूर्वी केली जाते. सूर्यप्रकाशाने नायलॉन व पॉलिस्टरचे धागे कमकुवत होतात. एकदा पतन अडवलेला दोर व शोषक पुन्हा वापरत नाहीत. गाड्याच्या बाबतीत ब्रेक, पंजाची हालचाल आणि वजनांची संख्या तपासली जाते. गाडा जागेवर आणण्यापूर्वीच कामगार कडेजवळ जाणार असेल, तर मांडणीच्या या टप्प्यासाठीही वेगळे संरक्षण लागते.

सुटका

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते. काही मिनिटांत त्याची शुद्ध हरपू शकते आणि सुटका लांबल्यास मृत्यूही ओढवतो. म्हणून ‘अग्निशमन दलाला बोलावू’ एवढी योजना पुरेशी मानली जात नाही. सुटकेचे साहित्य, प्रशिक्षित सहकारी आणि वर पोहोचण्याचा मार्ग काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असावा लागतो. पायात अडकवून उभे राहता येईल अशा पट्ट्या हार्नेसला जोडल्यास लटकलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या कामगाराला रक्ताभिसरण चालू ठेवता येते. एकट्याने काम करणाऱ्या कामगारासाठी पतन थांबवण्याची पद्धत या कारणाने अयोग्य समजली जाते.

भारतातील स्थिती

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये, जेथून व्यक्ती पडण्याचा संभव आहे अशा उंचीवरील कामासाठी कुंपण किंवा अन्य मार्गाने सुरक्षेची तरतूद करण्याची जबाबदारी २०२५ पर्यंत घातलेली होती. बांधकामासाठी इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ आणि त्याखालील १९९८ चे केंद्रीय नियम करण्यात आले. महाराष्ट्राने २००७ मध्ये आपले नियम केले. सुरक्षापट्टे व हार्नेस यांसाठी आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे. संसदेने २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली.

महाराष्ट्रात छतावरील कामाला ऋतूचे वेळापत्रक आहे. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी, पत्रे बदलणे आणि गच्चीची गळती थांबवणे ही कामे एप्रिल-मेमध्ये घाईने उरकली जातात. पावसाळ्यात तातडीची दुरुस्ती शेवाळलेल्या पत्र्यांवर करावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवण्याचे आहे. त्यामुळे लहान घरांच्या छतांवर चढणाऱ्या कामगारांची संख्या वाढत आहे. या घरांवर जड गाडा नेता येत नाही. तेथे सुटा कठडा, मजबूत तुळईला बांधलेला आखूड दोर किंवा मचाण हेच व्यवहार्य उपाय राहतात.

मर्यादा

फिरती साधने तीव्र उतारावर, ठिसूळ छतावर आणि निसरड्या पृष्ठभागावर वापरता येत नाहीत. त्यांची सुरक्षितता प्रत्येक वेळी मांडणी करणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून असते. याउलट पक्का कठडा एकदा बांधला की वापरणाऱ्याच्या चुकीवर फारसा अवलंबून राहत नाही. म्हणून ज्या छतावर वारंवार जावे लागते, तेथे फिरत्या साधनांकडे कायमच्या व्यवस्थेला पर्याय म्हणून पाहिले जात नाही.

हे सुद्धा पहा

औद्योगिक सुरक्षा
राष्ट्रीय सुरक्षा दिन
मचाण
वैयक्तिक संरक्षक साधने